अनवाणी मुलाच्या चपला

१

मंगळवारी सकाळी पोस्टरवरच्या अनवाणी मुलाच्या पायात चपला दिसल्या आणि संस्थेत हलकल्लोळ माजला.

पोस्टर संस्थेचंच होतं. शहरभर बसथांब्यांवर, काचेच्या पेट्यांमध्ये लावलेलं. भेगाळलेली जमीन, तिच्यावर उभा सहासात वर्षांचा मुलगा, अंगात ढगळ सदरा, आणि डोळे असे की बसची वाट बघणाऱ्याने आपली नजर दुसरीकडे वळवावी. रंग सगळे काढून घेतलेले, चित्र राखेसारखं करडं. खाली मोठ्या अक्षरांत ओळ होती : ‘याचं कुणी नाही. तुम्ही व्हा.’

आता त्या करड्या चित्रात मुलाच्या पायात ठसठशीत रंगीत चपला होत्या. एकीचा पट्टा हिरवा, दुसरीचा निळा. निळ्या पट्ट्याच्या मुळाशी एक सेफ्टी पिन, तीसुद्धा हौसेने दाखवलेली. थांब्यावरचे लोक मोबाइल काढून फोटो घेत होते आणि हसत होते. रडवायला लावलेल्या चित्रापुढे लोक हसायला लागल्यावर संस्थेच्या पोटात गोळा येणारच.

मॅडमनी, म्हणजे संस्थेच्या संचालिकेने, दुपारच्या आत गुन्हेगार ठरवूनही टाकला. संस्थेत चित्रांचं काम करणारी मुलगी एकच. तिने या पोस्टरवरून महिन्यापूर्वी मॅडमशी वादही घातला होता. अजून काय पुरावा हवा? शुक्रवारी देणगीदारांचा समारंभ होता. त्याआधी खरं काय ते कबूल कर, नाहीतर पोलिसांत तक्रार तुझ्या नावाने जाईल आणि नोकरी तर गेलीच म्हणून समज, असं मॅडमनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं.

मुलगी रडत आली ती थेट मावशीकडे. मावशी म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. मावशीने उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली होती. दुकान जळलं की जाळलं, गाडी चोरीला गेली की मेहुण्याच्या अंगणात झाकून ठेवली, हे शोधून काढण्यात केस पांढरे झाले. निवृत्तीनंतर केस रंगवले, पण स्वभाव काही बदलला नाही. दूधवाला आपणहून हसला तरी ती आधी भांड्यात डोकावून बघायची.

भाचीने सगळं सांगितलं, नाक पुसलं आणि वाट बघत बसली. मावशीने धीराचे दोन शब्द बोलावेत, एवढीच तिची अपेक्षा होती. मावशीने पायात बूट घातले आणि म्हणाली, “चल, थांबा दाखव. आणि वाटेत मला विचार करू दे, की तू खरं बोलतेयस की नाही.”

२

थांब्यावर मावशीने काचेला नाक लावलं. चपला काचेच्या बाहेरून चिकटवलेल्या होत्या. रंगवलेल्या नव्हत्या, गाड्यांवर नावं लावतात तसल्या चिकटपट्टीच्या कागदातून कापलेल्या. कड इतकी साफ की ते कात्रीचं काम वाटत नव्हतं, यंत्राचं होतं. पुढच्या थांब्यावर त्याच चपला, त्याच मापाच्या, तशाच बसवलेल्या. कुणा टवाळाने जाता जाता केलेला हा उद्योग नव्हता. कुणीतरी मापं घेऊन, नीट ठरवून केलं होतं.

मग दोघी संस्थेत गेल्या. मावशीने मॅडमना सांगितलं की मी हिची मावशी असले तरी हिची वकील नाही, चोर हीच निघाली तर कान धरून तुमच्यापुढे उभी करीन. मॅडमना हे पसंत पडलं. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मावशीने कबूल केलं, नाइलाजाने का होईना. तीन गावांत त्यांनी शाळा चालवल्या होत्या, आणि पैसे कुठून आणायचे या चिंतेने त्यांच्या कपाळाला कायमची आठी पडली होती. मुलांचे हसरे फोटोही आम्ही लावून पाहिले, असं त्या म्हणाल्या. लोक बघतात, बरं चाललंय की याचं, असं म्हणतात आणि पुढे जातात. म्हणून मग करडा रंग, म्हणून अनवाणी पाय.

त्यांच्या शेजारी प्रचाराचं काम बघणारे गृहस्थ बसले होते. कुठल्याही वाक्यात ‘मला इतका कळवळा येतो’ हे आणल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे कळवळा म्हणायचं. ओळ त्यांचीच. मूलही आपणच शोधलं, असं त्यांनी सांगितलं. गेल्याच वर्षी, दुष्काळी भागात, भर उन्हात, आपण त्याला कडेवर घेतलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं वगैरे. हे सांगताना आतासुद्धा त्यांचा आवाज भरून आला.

मावशीने सहज खडा टाकून पाहिला. मुलाकडे चपला होत्या का हो तेव्हा?

“चपला?” कळवळा दुखावल्यासारखा हसला. “त्या पोराने आयुष्यात चपला बघितल्या नसतील, बाई.”

भाचीच्या टेबलापाशी जाऊन मावशीने मूळ फोटो मागितला. कपाटातला कागदी फोटो होता तो, भाचीने स्कॅन करून संगणकात घेतलेला. रंग त्यात अजून शाबूत होते. सदरा करडा नव्हताच मुळी, चांगला लाल होता. फोटोची डावी कड वाकडी होती, कुणीतरी घाईत कात्री चालवल्यासारखी. मावशीने मुलाचे पाय मोठे करून दाखवायला सांगितले.

दोन्ही पावलांवर, उन्हाने रापलेल्या कातडीवर, फिकट पट्टे होते. अंगठ्यापासून निघून दोन्हीकडे गेलेले. पायात रोज चपला घालणाऱ्यालाच असे पट्टे पडतात. डाव्या पायाची करंगळीही मावशीच्या डोळ्यांतून सुटली नाही. ती शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

पोस्टरवर हे पट्टे का नाहीत, असं मावशीने विचारलं. भाचीने मान खाली घातली. “मला पुसायला सांगितले. म्हणून मी पुसले. करंगळीही सरळ कर म्हणाले होते. ती मी तशीच ठेवली.”

मावशीने पिशवीतून मोबाइल काढला, थांब्यावर घेतलेला फोटो उघडला आणि पडद्याशेजारी धरला. चिकटवलेल्या चपलांचे पट्टे बरोबर त्या पुसलेल्या खुणांवर बसले होते. रेसभर इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे चपला लावणाऱ्याला त्या खुणा माहीत होत्या. आणि त्या खुणा बारकाईने बघितलेलं माणूस या ऑफिसात एकच होतं.

मावशीने भाचीकडे पाहिलं. ती नजर भाची लहानपणापासून ओळखत होती.

३

दोघी घरी परतल्या. मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती आणि ती बहिणीच्या मुलीबद्दल चुकचुकतेय याचं तिला वाईट वाटत होतं. पण वाईट वाटलं म्हणून संशय सोडून द्यायचा, अशी तिला सवय नव्हती. स्वयंपाकघरात पाणी पिता पिता तिने सरळ विचारलं, “तू केलंस का?”

भाची रडली नाही, चिडली. आपण केलं असतं तर आडबाजूच्या थांब्यांवर कशाला केलं असतं, चौकातलं ते भलं मोठं पोस्टर आहे ना, अख्खं शहर बघतं ते, तिथे केलं असतं, असं ती तोंडावर म्हणाली. मॅडमच्या ऑफिससमोरच्या पोस्टरलाही कुणी हात लावलेला नाही, तुझ्या लक्षात तरी आलं का?

मावशीच्या लक्षात आलं नव्हतं. तिला हे झोंबलं, आणि त्याच क्षणी भाचीवरचा तिचा संशय निम्मा उतरला. तिने शहराचा नकाशा पसरला. कुठल्या थांब्यांवर चपला आहेत, कुठल्या नाहीत, भाची फोन करकरून मैत्रिणींना विचारत गेली आणि मावशी खुणा करत गेली. खुणा जोडल्यावर एकच रेघ निघाली. शहराच्या कडेच्या वस्तीतून निघून मोठ्या इस्पितळाशी संपणाऱ्या बसची वाट होती ती. त्या वाटेवरच्या प्रत्येक पोस्टरला चपला होत्या. त्या वाटेबाहेर एकालाही नव्हत्या.

ज्याला संस्थेची नाचक्की करायची असेल तो चौक सोडणार नाही. याला नाचक्की करायची नव्हती. याला फक्त त्या बसमधून दिसणारा मुलगा अनवाणी नको होता. मावशीने असलं कारण उभ्या आयुष्यात कुठल्या दाव्यात वाचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. पायावरच्या खुणांवरून पट्ट्यांचा आकार कळेल, पण रंग कसा कळणार? एक हिरवा, एक निळा, त्यात पिन. असली विजोड जोडी कुणी मनाने रचत नाही. म्हणजे ज्याने चपला लावल्या त्याने त्या खऱ्या चपला डोळ्यांनी पाहिल्या होत्या. फोटो निघाला तेव्हा तो तिथे हजर होता. आणि हजर होतो असं एकच माणूस छातीठोकपणे सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीने कळवळ्याला एकट्याला गाठलं. गाव कुठलं, असं तिने विचारलं, तर त्याने एक नाव सांगितलं. थोड्या गप्पा झाल्यावर पुन्हा विचारलं, तर दुसरंच नाव आलं. मुलाच्या सदऱ्याचा रंग विचारला, तर म्हणाला, करडाच असेल, मळका.

“सदरा लाल होता,” मावशी म्हणाली. “तुम्ही त्याला कडेवर घेतलं होतंत ना?”

मग कळवळ्याची गाळण उडाली. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. फोटो जुन्या कपाटातल्या खोक्यात सापडला होता. चेहरा चांगला होता, मॅडमना आवडला. आपण त्या मुलाला कधी बघितलंच नाही. पण त्यात फसवणूक कसली, असं त्याचं म्हणणं होतं. “गरिबी काय जुनी होते का बाई? फोटो कधीचाही असला तरी चालतो.”

आणि ती वाकडी कड? ती आपणच कापली, हे त्याने फारसे आढेवेढे न घेता सांगून टाकलं. “कडेला कुणाचा तरी हात येत होता. पोराच्या खांद्यावर. त्यामुळे चित्राचा परिणाम जात होता.”

मावशी उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली.

“ज्याचं कुणी नाही,” ती म्हणाली, “त्याच्या खांद्यावर हात कुणाचा होता?”

४

फोटोच्या मागे फोटोग्राफरचा पुसट शिक्का होता. ते फोटोग्राफर काका आता म्हातारे झाले होते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मुलीबरोबर राहत होते. खोलीत जिकडेतिकडे खोकी रचलेली. मावशीने मुद्दामच आधी कुठला फोटो ते सांगितलं नाही. तुम्ही मुलांना चपला काढायला लावायचात का, एवढंच विचारलं.

काकांनी लपवालपवी केली नाही. लावायचो, असं म्हणाले. सगळेच लावायचे. चपला माझ्या पाठीमागे ठेवा, हसू नका, आणि ऊन डोळ्यांवर घ्या, म्हणजे डोळ्यांत पाणी येतं. गाडी यायची, फोटो व्हायचे, गाडी जायची. आपण काम म्हणून केलं, पण घरी आल्यावर जेवण जायचं नाही, असंही म्हणाले. मावशीने ते ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवायची घाई केली नाही. चपला खरोखर पाहिलेला हा पहिलाच माणूस होता, आणि याच्याकडे तर मूळ फिल्म होती.

मग तिने फोटो दाखवला. काका बराच वेळ बघत राहिले आणि खोकी खाली उतरवायला लागले. हवं ते खोकं सगळ्यांत खाली निघालं. त्याच्या दोरीची गाठ इतकी आवळून बसलेली की शेवटी ती सुरीने कापावी लागली, आणि झाकणावरची धूळ मावशीच्या नाकात जाऊन तिला शिंका आल्या. हे खोकं कित्येक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं, एवढं मात्र तिने मनात पक्कं केलं. काकांवरचा संशय तिथेच गळाला.

फिल्मच्या पट्टीत, खरे रंग दाखवणाऱ्या जुन्या स्लाइड फिल्मवर, तोच मुलगा होता. पण इथे तो एकटा नव्हता. त्याच्या खांद्यावर एका तरुण बाईने हात ठेवला होता आणि ती कॅमेऱ्याकडे रोखून बघत होती, जरा रागानेच. त्याच्या शेजारच्या चौकटीत ती बाई उकिडवी बसली होती आणि मुलाच्या पायात चपला चढवत होती. काकांनी भिंग आणलं. एक पट्टा हिरवा होता, एक निळा. मुलगा आईच्या डोक्यावर हात टेकून एका पायावर उभा होता आणि खदाखदा हसत होता.

“मी त्यांना आईसकट दिला होता हा फोटो,” काका म्हणाले. “आई होती म्हणून तेव्हा वापरला नाही त्यांनी. मला वाटलं, वाया गेला.” मग स्वतःशीच हिशेब केल्यासारखं पुटपुटले, की हा काढला तेव्हा आपली मुलगी पाळण्यात होती.

तेवढ्यात दार उघडून त्यांची मुलगी कामावरून आली. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, हातात गाडीची किल्ली. पाहुण्यांना चहा विचारून ती आत गेली.

मावशी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच राहिली. ही पाळण्यात होती तेव्हा तो मुलगा सहासात वर्षांचा होता. ही नोकरीला लागली. आणि तो? मॅडम, कळवळा, भाची, थांब्यावरचे लोक, आणि कबूल करायला जड गेलं तरी मावशी स्वतःसुद्धा, सगळ्यांनी त्याला अजून त्या भेगाळलेल्या जमिनीवरच उभा ठेवला होता. सगळे एकमेकांवर संशय घेत बसले होते. पोस्टरवरच्या मुलावर संशय घ्यावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो मदतीची वाट बघण्याखेरीज दुसरं काही करू शकतो, असं त्याच्याकडे बघून कुणाला वाटणार?

“काका,” मावशी उठत म्हणाली, “माझा चोर मोठा झालाय.”

५

गुरुवारी मावशी त्या बसच्या पहिल्या थांब्यापासून चालत निघाली. यंत्राने चिकटपट्टी कापणारी दुकानं त्या वाटेवर फार नव्हती. पहिल्या दुकानात एक जाडजूड मध्यमवयीन गृहस्थ होते, दुसरं बंद होतं. तिसरं वस्तीच्या तोंडाशी होतं. दारात गाड्यांच्या काचांवर लावायची नावं टांगलेली, आत यंत्र घरघरत होतं, आणि यंत्रापाशी पंचविशी ओलांडलेला एक तरुण उभा होता.

मावशीने दारावर लावायची नावाची पाटी करायला सांगितली. तो अक्षरांचे नमुने दाखवत होता, ती त्याच्या पायांकडे बघत होती. उघड्या सँडलमधून डाव्या पायाची करंगळी दिसत होती. शेजारच्या बोटावर चढून बसलेली.

मावशीला इतक्या वर्षांच्या कामात अशा वेळी कायम आनंद व्हायचा. आज झाला नाही. तिने पाटीचा रंग ठरवला आणि म्हणाली, “चपला छान जमल्यात तुम्हाला.”

तरुणाने यंत्र बंद केलं. पळाला नाही, नाकारलंही नाही. नुसतं म्हणाला, “उन्हाने कडा सुटायला लागल्यात. पुन्हा लावाव्या लागतील.”

त्याने तिला स्टूल दिलं. आपण संस्थेला शिव्या द्यायला हे केलं नाही, असं त्याने सांगितलं. आपला फोटो कुठे लावलाय, कसा लावलाय, याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. उलट मित्रांना दाखवून तो हसलाही होता. त्याची आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, रोज सकाळी त्या बसने जायची. हल्ली ती घरी गप्प गप्प असायची. विचारलं तर काही नाही म्हणायची, ताकास तूर लागू द्यायची नाही. एक दिवस त्याची स्कूटर बिघडली म्हणून तोही त्याच बसमध्ये चढला आणि तिच्या मागच्या बाकावर बसला. तिला ते माहीत नव्हतं.

“पहिला थांबा आला,” तो म्हणाला. “आईबरोबर कामाला जाणाऱ्या बायका बोलायला लागल्या. कुणाचं लेकरू असेल गं, म्हणाल्या. आई असती तर असं उन्हात अनवाणी सोडलं असतं का? मग एकीने आईला विचारलं, तुला काय वाटतं गं?”

अक्षरांचे नमुने त्याने उगाच एकावर एक रचून ठेवले.

“आई म्हणाली, कोण जाणे कुणाचं.”

मावशीने स्टूल जरा पुढे ओढलं.

“त्या चपला तिने जोडल्या होत्या,” तो म्हणाला. “माझा एक पट्टा तुटला तर स्वतःच्या चपलेचा काढून लावला, निळा. पिनेने अडकवला. आणि फोटो काढायला आलेल्या माणसांनी मला त्या काढायला लावल्या तेव्हा भांडली त्यांच्याशी. ते म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे.”

मावशीने त्याला खरं काय ते सांगून टाकलं. उद्या तक्रार जाणार आहे. माझ्या भाचीच्या नावाने. तिची नोकरी जाईल. तुमचं नाव मी सांगितलं तर तक्रार तुमच्या नावाने जाईल आणि दुकान गोत्यात येईल. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि काय करावं ते मला कळत नाहीये. हे शेवटचं वाक्य मावशीने आयुष्यात कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

तरुणाने दुकानाच्या मागच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला. तिथे एक बाई उभी होती, हातात डबा घेऊन. कामावरून परतून मुलाला डबा द्यायला आली होती आणि केव्हापासून ऐकत होती, कोण जाणे. वय झालं होतं, पण रोखून बघण्याची तऱ्हा मावशीने आदल्याच दिवशी भिंगाखाली पाहिली होती.

“उद्या किती वाजता?” तिने विचारलं.

६

शुक्रवारी सकाळी संस्थेत लगबग होती. मायलेक आले तेव्हा दारातल्या मुलीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि मदत मागायला आलेल्यांचा बाक दाखवला. मावशीने त्यांना तिथून उठवून सरळ मॅडमच्या खोलीत नेलं. भाची आधीच कोपऱ्यात उभी होती, आरोपीसारखी. कळवळा टेबलाला टेकून भाषण वाचत होता.

मावशीने काहीही न सजवता सगळं क्रमाने सांगितलं. फिल्मची पट्टी टेबलावर ठेवली, शेजारी भिंग ठेवलं. मॅडमनी पट्टी पाहिली, मग त्या तरुणाकडे पाहिलं, मग पुन्हा पट्टीकडे. भाचीकडे मात्र त्यांना लवकर बघवेना. शेवटी त्या तिला म्हणाल्या की तुझ्यावर उगाच आळ घेतला, माझं चुकलं. भाचीने डोळे पुसले. मावशीला वाटलं, मिटलं.

पण कळवळ्याचा चेहरा उजळला होता. केवढी मोठी गोष्ट आहे ही, असं म्हणत तो पुढे आला. एका बाजूला तो जुना फोटो, दुसऱ्या बाजूला हा, दुकानात, यंत्रापाशी. आधी आणि नंतर. आज समारंभातच दोघांना मंचावर घेऊ. ओळसुद्धा त्याला तिथल्या तिथे सुचली : ‘तुम्ही होतात, म्हणून हा उभा राहिला.’ मॅडमच्या कपाळावरची आठीही जरा सैल झाली.

“कोण होतं?” तरुणाने विचारलं. “गाडी आली, फोटो काढला, गाडी गेली. पुन्हा कुणी आलं नाही.”

मग आईने, आत आल्यापासून पहिल्यांदाच, तोंड उघडलं. तिला मंच नको होता आणि फोटोही नको होता. त्या बसच्या वाटेवरच्या पोस्टरांवरून खालची ओळ काढून टाका, एवढंच तिचं मागणं होतं. चपला राहिल्या तर राहू द्या, गेल्या तरी हरकत नाही. ओळ काढा.

मॅडम खूप थकल्यासारख्या दिसल्या. “ओळ काढली,” त्या म्हणाल्या, “तर लोक पैसे का देतील?” आणि हे त्यांनी कुचकेपणाने विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. त्यांच्या तीन शाळा होत्या.

“ते मला माहीत नाही,” आई म्हणाली. “पण आम्ही कुठे मागितले होते?”

मॅडम ताठ झाल्या. मग त्यांचा आवाज ऑफिसचा झाला. काचा शहराच्या आहेत, पोस्टर संस्थेचं आहे, देणगीदार दुपारी विचारणार आहेत की हे कुणी केलं आणि तुम्ही काय केलंत. मला काहीतरी सांगावं लागेल. यांनी दुकान चालवणाऱ्या माणसासारखं वागायला हवं होतं, अर्ज करायला हवा होता. तक्रार तर मला करावीच लागेल. त्यांनी फोन जवळ ओढला. तरुणाने मान हलवली, जणू ते धरूनच तो आला होता. भाचीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मावशीने तिचा हात घट्ट दाबून धरला, कारण आई टेबलाजवळ सरकत होती.

“करा तक्रार,” आई म्हणाली. “पोलीस नाव लिहून घेतात. त्याच्या आईचंही विचारतात. ते मात्र नीट लिहायला सांगा. मी इथेच बसते, काही चुकलं तर सांगीन.”

आणि ती समोरची खुर्ची ओढून बसली.

मॅडमचा हात फोनवर होता. त्या आकडे दाबेनात, फोन खालीही ठेवेनात. बाहेर समारंभासाठी खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता, कुणीतरी माइक तपासत होतं. आईने पिशवी मांडीवर घेतली आणि वाट बघत राहिली. तिला घाई नव्हती, आज तिने कामावर रजा टाकली होती.